नवरीनं रेडिओवर सांगितलेली गोष्ट

लग्नसराईचा आठवडा करायचा ही कल्पना माझी. आमच्या केंद्रप्रमुख सरांनी नेहमीप्रमाणं "बघा बुवा" म्हटलं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडून ती मंजूर करून घेतली. सोमवार ते शुक्रवार रोज लग्नाशी संबंध असलेला एक पाहुणा आणि शनिवारी पाहुणा नाही, नुसते श्रोत्यांचे फोन. पहिल्या दिवशी नवरी, मग आचारी, मेंदीवाली, लग्न जमवणारे काका आणि शेवटी फोटोग्राफर. हसतखेळत आठवडा जाईल, असं मला वाटलं होतं. रेडिओवर बोलायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण त्या आठवड्यात जेवढे धक्के बसले तेवढे आधी कधी बसले नव्हते. खरं सांगायचं तर त्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही.

आमचं केंद्र लहान. एका कॉलेजच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, मध्ये काच. काचेपलीकडं मशीनवर सर, अलीकडं मी आणि पाहुणा. आमचा आवाज संभाजीनगरभर जातो, वाळूज-बजाजनगरच्या थोडा पुढं जातो आणि मग नुसती खरखर. डबे भरून झाले, कामावरची माणसं कामावर गेली, की बायका रेडिओ लावतात. माझा कार्यक्रम तेव्हाचा. गप्पा, दोन-चार गाणी, फोन, आणि सगळं थेट. आधी रेकॉर्ड करायचं, मग काटछाट करायची, असले लाड आमच्याकडं नाहीत. तोंडातून गेलं ते गेलं.

शेवटी मी प्रत्येक पाहुण्याला एकच प्रश्न विचारते. आजवर कुणाला सांगितली नाही अशी एक गोष्ट सांगा. ऐकायला मोठा थरारक वाटतो, पण त्यात काही राम नाही. पाहुण्यानं ऐनवेळी त-त-प-प करू नये म्हणून आदल्या दिवशीच मी त्याच्याकडून उत्तर काढून घेते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपल्याला पुरणपोळी आवडत नाही असं सांगितलं होतं, तर त्यांच्या बायकोचा लगेच फोन आला होता, इतकी वर्षं मग मी कुणासाठी करत होते म्हणून. आमच्याकडची खळबळ एवढीच.

सोमवारची नवरी मला लग्न जमवणाऱ्या काकांनीच सुचवली होती. त्यांचं वधूवर सूचक मंडळ आहे, आणि गुरुवारचे पाहुणे तेच होते. पोरगी वाळूजला कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला बजाजनगरला, मुलगा सिल्लोडचा, घरचा मक्याचा नि कापसाचा व्यापार, लग्न पंधरवड्यावर, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. "मीच जमवलंय," हे शेवटी. आदल्या दिवशी मी तिला फोन केला. कुणाला न सांगितलेली गोष्ट म्हणून ती लहानपणी देवापुढचे पेढे कसे खायची आणि नाव मांजराचं कसं घ्यायची, ते सांगणार होती. मी म्हटलं, झकास.

आली ती वेळेच्या आधी. सावळी, चटपटीत, ओढणीला पिन लावलेली, कंपनीचं ओळखपत्र आधीच गळ्यात. बसल्याबसल्या तिनं विचारलं, "मॅडम, हे बजाजनगरला नीट ऐकू येतं ना?" मी फुशारकीनं म्हटलं, "येतं म्हणजे? शेजारी बसून बोलल्यासारखं." तिनं मान हलवली आणि पाणी मागितलं.

गप्पा फार छान झाल्या. बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, दोन्हीकडची मंडळी गेली तेव्हा साड्यांवरून कसा रुसवाफुगवा झाला, तिच्या आत्यानं दुकानातच कशी फतकल मारली, हे तिनं असं रंगवून सांगितलं की काचेपलीकडं सर हसत होते. मग मी माझा शेवटचा प्रश्न विचारला. ती जरा माइकजवळ सरकली.

"मी माझी एक किडनी माझ्या भावाला दिलेली आहे," ती म्हणाली. "माझ्या लग्नाच्या आधी हे कुठं बोलायचं नाय, असं घरच्यांनी सांगितलंय. मुलाकडच्यांना माहीत नाय. पण मला लपवून जायचं नाय. माझ्या भावाच्या पोटात माझी किडनी आहे, आणि तो ठणठणीत राहावा, एवढंच मला वाटतं."

त्यावर मी काय बोलले ते मला आठवत नव्हतं. पुढं लोकांच्या मोबाइलवर फिरलेली क्लिप ऐकली तेव्हा कळलं, की मी "अरे वा! छान!" म्हणाले होते. छान! लाज वाटते मला ते ऐकताना. समोर सर दोन्ही हातांनी गाणं लावू का, गाणं लावू का, असं विचारत होते.

बाहेर आल्याआल्या मी तिचा दंड धरला. "अगं, हे काय केलंस तू?"

"सांगायचं होतं, सांगितलं."

"आणि त्यांनी लग्न मोडलं तर?"

"नाय मोडणार," ती म्हणाली. तिला दुसऱ्या पाळीला जायचं होतं. ती रिक्षात बसून निघून गेली आणि मी कॉलेजच्या आवारात वेड्यासारखी उभी राहिले.

आमचा आवाज सिल्लोडपर्यंत जात नाही. पण मोबाइल जातो. बजाजनगरातल्या कुणीतरी तेवढाच तुकडा रेकॉर्ड करून पाठवला, तो ह्याच्याकडून त्याच्याकडं करत दुपारीच तिकडं पोचला. संध्याकाळी मला लग्न जमवणाऱ्या काकांचा फोन. "तुम्ही माझी अब्रू घालवली," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. अब्रू कुणाची आणि कशानं गेली, हे विचारायला मी परत फोन लावला, तर त्यांनी घेतला नाही. रागानं माझी त्या दिवशी भाजी करपली.

मंगळवारी आचारी आले. शहरात त्यांचं नाव आहे, हजार-हजार पानं सहज उठवतात. पांढरेशुभ्र कपडे, खिशात पेन, आवाज मात्र अगदी बारीक. बुंदी पाडताना झारा किती उंच धरायचा, हे ते हात वर करून मला दाखवत होते आणि रेडिओवर ते दिसत नाही हे त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. मला बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि ते माझ्याकडं वाकले.

"ताई, कालची ती पोरगी, किडनीवाली. तिच्या लग्नाची ऑर्डर माझ्याकडंच होती."

"होती म्हणजे?"

"काल राती फोन आला तिच्या वडलांचा. रद्द म्हणले. मुलाकडल्यांनी निरोप धाडला, पोरीत खोट हाय म्हणून."

खोट! म्हणजे भांड्याला चीर गेली की म्हणतात ती. मी त्यांना तावातावानं म्हटलं, "दादा, भावाचा जीव वाचवला तिनं. ह्याला खोट म्हणतात का?"

ते शांतपणे म्हणाले, "ताई, जीव वाचवला ते लई चांगलं केलं. पण खोट ती खोटच की. उद्या पोरंबाळं व्हायचीत, कामधंदा करायचा. माझ्या पोराला दिली असती तर मीबी नायच म्हणलो असतो."

असा भला माणूस! मघाशी मला प्रेमानं बुंदीचा डबा घेऊन आलेला. पण भांडायला वेळ नव्हता, कारण गाणं संपत आलं होतं आणि मला जिलबीबद्दल विचारायचं होतं. विचारलंही. पण आवाज माझा मलाच परका वाटत होता.

बुधवारी मेंदी काढणारी मुलगी पाहुणी होती. रोशनगेटजवळ राहणारी, बोटं सगळी रंगलेली. पण तिला कुणी मेंदीबद्दल विचारेल तर शपथ. फोन वाजला की किडनी. एक बाई म्हणाल्या, बरं झालं मोडलं, सोयरिकीत असली फसवणूक बरी नाही. एक गृहस्थ म्हणाले, त्या पोरीला सोन्यानं मढवलं पाहिजे. तुमचा मुलगा आहे का लग्नाचा, असं मी विचारलं, तर त्यांच्याकडचा आवाज एकाएकी तुटायला लागला. एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "ती दिलेली किडनी परत उगवती का गं?" ह्यावर मी हसायचं की रडायचं? शेवटी मेंदीवालीच वैतागली. माइकवरच म्हणाली, "मॅडम, मेरे कू मेहंदी का पूछो ना. किडनी का मैं क्या बोलूं?" तिचं बरोबर होतं. तिचा दिवस आम्ही वाया घालवला.

कार्यक्रम झाल्यावर सरांनी मला बसवलं. "उद्यापासून हा विषय बंद," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, आपल्या स्टुडिओत बसून एका मुलीचं लग्न मोडलं आणि आपण उद्या सनईबद्दल बोलायचं?" त्यांचं म्हणणं, आपण काही मोडलेलं नाही. ते खरंच होतं, पण माझ्या डोक्यातून ती जात नव्हती. मी तिला फोन लावत होते आणि ती उचलत नव्हती.

गुरुवारी लग्न जमवणारे काका येणार नाहीत, असं मी धरून चालले होते. पण ते आले. कडक इस्त्रीचा सफारी, केसांना तेल. माझ्याकडं बघून हसले नाहीत, एवढंच. मला वाटतं, आपली बाजू मांडायची ही संधी त्यांना सोडायची नव्हती. मलाही सोडायची नव्हती. विषय बंद वगैरे मी विसरले आणि पहिलाच प्रश्न तो विचारला.

"तुम्हाला माहीत होतं का, तिनं किडनी दिलेली आहे?"

"होतं की. न माहीत असून कसं चालेल?" ते म्हणाले. "पण मॅडम, सांगायची एक वेळ असते. एकदा अक्षता पडल्या, माणसं एकमेकांची झाली, की सगळं समजून घेतात. आधी सांगितलं की नुसती भीती वाटते."

"म्हणजे फसवायचं?"

"फसवणूक काय म्हणता? झाकपाक म्हणा. कुणाच्या घरात नाही? कुणाचं वय, कुणाचा चष्मा, कुणाचं काय. आम्ही असं केलं नाही तर निम्मी पोरं बिनलग्नाची राहतील."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "आणि नंतर कळल्यावर त्या माणसानं काय करायचं? कुणाचा संसार झालाय का सुखाचा असा?"

"झालाय की!" तेही आता चिडले होते. "त्याच घरातलं आधीचं लग्न मीच असं पार पाडलंय. वर्ष होऊन गेलं. नांदतायत ना छान? काय बिघडलं?"

आणि ते थांबले. जिना उतरताना माणूस पायरी चुकतो तसे. तोंड उघडं, डोळे काचेकडं. मला काहीच समजलं नव्हतं. "त्याच घरातलं म्हणजे?" असं मी भाबडेपणानं विचारलं. त्यांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि सरांना हातानं खूण केली, गाणं लावा.

गाणं वाजत होतं आणि ते हात जोडून बसले होते. "ताई, पुढं काढू नका हे," ते म्हणाले. मॅडमची ताई झाले मी एकदम. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. चार दिवस मी त्या मुलीचा विचार करत होते. पण तो भाऊ? तो माझ्या मनात दवाखान्याच्या खाटेवर पडलेला कुणी कृश मुलगा होता, बस्स. तो बरा झाला असेल, कामाला लागला असेल, त्याचं लग्न झालं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"त्याच्या बायकोला सांगितलं नव्हतं?" मी विचारलं.

"नाही."

"तिच्या आईवडिलांना?"

"तो रोज गोळ्या घेतो, एवढं सांगितलं होतं. ॲसिडिटीच्या म्हणून."

"आणि पोटावरचा व्रण?"

"अपेंडिक्स," ते म्हणाले. "पैठणची साधी माणसं आहेत. त्यांनी विश्वास ठेवला."

मी विचारलं, "म्हणजे आपल्या नवऱ्याच्या पोटात नणंदेची किडनी आहे हे तिला कधी कळलं?"

"सोमवारी," ते म्हणाले. "तुमच्या रेडिओवर."

उरलेला कार्यक्रम सरांनी गाण्यांवर काढला. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. मला कुणाचा राग यायला हवा होता तेच कळत नव्हतं. काकांचा आलाच होता. त्या घराचा आला. आणि सगळ्यात जास्त त्या मुलीचा आला. स्वतःचं लग्न मोडलं ते मोडलं, पण तिनं एका कोवळ्या संसारात असा धोंडा टाकला, आणि तोही माझ्या कार्यक्रमातून. मला आधी सांगितलं असतं तर मी तिला माइकजवळ फिरकू दिलं नसतं.

शुक्रवारी फोटोग्राफर काय बोलले, ते मला विचारू नका. कार्यक्रम संपवून मी बाहेर आले तर गेटजवळच्या चहाच्या टपरीवर ती उभी. ओढणीला पिन नव्हती. डोळे सुजलेले. राग मी रात्रभर घोटून ठेवला होता, तो मी तिथंच बाहेर काढला.

"तुला माहीत होतं ना, तुझी वहिनी रेडिओ ऐकते?"

"व्हय," ती म्हणाली. "तिच्यासाठीच तर आले होते."

मी बाकावर बसले. तीही बसली, आणि सांगायला लागली.

किडनी बसवलेल्या माणसाला जन्मभर गोळ्या असतात. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळेला, चुकवून चालत नाही. नाहीतर शरीर ती किडनी परकी समजून नाकारायला लागतं. लग्नाआधी त्या गोळ्या आई द्यायची. लग्न झालं आणि गोळ्या लपल्या. ॲसिडिटीच्या म्हणून सांगितलेल्या, पण पाकिटावरचं नाव वहिनीनं वाचलं तर, ह्या भीतीनं भावानं त्या गाडीच्या डिकीत ठेवायला सुरुवात केली. वहिनी दारात निरोप द्यायला आली की सकाळची राहायची. संध्याकाळी दोघं कुठं फिरायला गेली की ती राहायची. सासरी पैठणला मुक्काम पडला की सगळ्याच राहायच्या.

"मध्ये त्याच्या पायावर सूज दिसली," ती म्हणाली. "मी आईला म्हणलं, वहिनीला सांगून टाक. आई म्हणली, नवं लग्न आहे, ती सोडून जाईल. मी भावाशी बोलले, तर तो म्हणला, एक किडनी दिलीस म्हणून किती दिवस डोक्यावर बसणार आहेस?"

मी चहाचा ग्लास तिच्या हातात दिला.

"मग तूच वहिनीला सरळ सांगायचं होतंस. रेडिओ कशाला?"

"आईनं शपथ घातली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावली. वहिनीला मी हे कधी सांगणार नाय म्हणून." तिनं नाक पुसलं. "आईच्या डोक्यावर हात ठेवलेला, ती शपथ कशी मोडू? पण रेडिओला सांगायचं नाय, असं काही तिनं म्हणलं नव्हतं. वहिनी रोज दुपारच्या पोळ्या लाटताना तुमचा कार्यक्रम लावती. मग मीच काकांच्या मागं लागले, मला पाठवा म्हणून."

असली पळवाट! माझ्या आजोळी बायका शपथेतून अशाच सुटायच्या, अक्षर न् अक्षर पाळून, पण त्या शपथा असायच्या शेजारणीशी न बोलण्याच्या. ही आपला संसार पणाला लावून सुटली होती.

"लग्न झाल्यावर सांगायचं गं," मी म्हटलं. माझा राग कुठं गेला होता कुणास ठाऊक. "नाहीतर निदान त्या मुलाला तरी आधी सांगायचं."

"आधी सांगितलं असतं तर त्यांनी गुपचूप मोडलं असतं. पत्रिका जुळत नाय म्हणले असते. मग वहिनीला काय कळलं असतं? आणि लग्न होऊन मी सिल्लोडला गेले असते, तर इथं त्याच्या सुजेकडं कुणी बघितलं असतं?"

मी आणखी दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत ती आपणहून म्हणाली, "मला वाटलं होतं तो मुलगा नाय मोडणार. रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा. मंगळवारी पण केला. म्हणला, मला काही अडचण नाय, पण घरचे ऐकत नायत." आणि ती रडली. टपरीवाल्यानं स्टोव्ह मोठा करून पाठ फिरवली. रडू ओसरल्यावर मी विचारलं, "आणि वहिनी?"

"सोमवारपासून कुणाशी बोलत नाय. स्वयंपाक करती, वाढती, खोलीत जाती. माझ्याकडं तर बघत पण नाय."

"आणि त्याच्या गोळ्या?"

"तेच तर कळंना," ती म्हणाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आता सगळं त्या न बोलणाऱ्या बाईवर येऊन ठेपलं होतं. तिनं बॅग भरली असती तर तिला कोण चूक म्हणणार? मी तर म्हटलंच नसतं. पण ती गेली असती तर गोळ्या पुन्हा डिकीत गेल्या असत्या, आणि ह्या पोरीनं नवरा घालवून मिळवलं काय?

शनिवारी पाहुणा नव्हता. मी फोनची वाट बघत बसले. दोन-तीन फोन गाण्यांच्या फर्माइशीचे आले. मग एक आवाज आला, तरुण, जरा घोगरा.

"ताई, मी बजाजनगरहून बोलते. नाव सांगणार नाय."

"हरकत नाही, बोला."

"सोमवारी तुमच्याकडं आलेली ती माझी नणंद."

काचेपलीकडं सरांनी हात उचलला, फोन तोडू का म्हणून. मी मानेनं नाही म्हटलं. मला वाटतं, माझ्या चेहऱ्याला ते घाबरले.

"तिचं लग्न मोडलं," ती म्हणाली. "बुधवारपासून मी तुमच्याकडं लोकांचे फोन ऐकते. म्हणतात, मुलाकडल्यांची फसवणूक होता होता वाचली. वाचले ते. त्यांना आधी कळलं, त्यांनी नाय म्हणलं. मला लग्नानंतर वर्षानं कळलं, तर मी कुणाला नाय म्हणू? सांगा की."

रोज बडबड करून पोट भरणारी मी, आणि मला एक वाक्य जमेना. मी कसंबसं विचारलं, "तुम्ही तिथंच राहणार आहात का?" असला प्रश्न विचारतात का? पण मला तेच हवं होतं.

"ते माझं मी बघीन. अजून ठरलं नाय," ती म्हणाली. "पण काल मी माझ्या वडलांना पैठणहून बोलावून घेतलं. सासू, सासरे, नणंद, सगळ्यांना बैठकीत बसवलं. गाडीच्या डिकीतनं यांच्या गोळ्या काढल्या आणि मधोमध ठेवल्या. यांना म्हणलं, घ्या. ह्या ॲसिडिटीच्या आहेत असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यासमोर घ्या."

"मग?"

"घेतल्या. पाणी मीच धरलं. आता रोज तशाच घ्यायच्या, सगळ्यांच्या देखत. मी घरात असेन तोवर."

मला वाटलं, झालं, आता ती ठेवून देईल. पण ती ठेवत नव्हती.

"आणि ताई, मी जायचं ठरवलंच, तर आईबापाच्याही आधी नणंदेला सांगीन," ती म्हणाली. "त्या घरात मला खरं सांगावं असं वाटणारी ती एकटीच होती. आणि एका भिंतीपलीकडं झोपणाऱ्या त्या पोरीला मला खरं सांगायला रेडिओवर जावं लागलं."